अडनिड्या वयाची शाळा

वॉशिंग्टन शहरात विस्कॉन्सिन ॲव्हेन्यूवर ‘सिडवेल फ्रेंड्स’ नावाची, क्वेकर या ख्रिस्ती पंथाची शाळा आहे. बिल क्लिंटन यांची मुलगी आणि बराक ओबामांच्या दोन्ही मुली तिथे शिकल्या, त्यामुळे तिचं नाव अधूनमधून वर्तमानपत्रांत झळकतं. मला मात्र आधी या शाळेचं सांडपाणी दाखवायचं आहे. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी 2006 साली तिथे एक इमारत तयार झाली. इमारतीच्या अंगणात उतरत्या टप्प्यांची पाणथळ जमीन आहे, आपल्या कोकणातल्या भातखाचरांसारखी, आणि तिच्यात पाणवनस्पती लावलेल्या आहेत. मुलांच्या बेसिनांचं आणि संडासांचं पाणी आधी टाकीत साठतं. तिथून ते या टप्प्यांच्या मातीखालून, वनस्पतींच्या मुळांतून आणि मुळांवर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमधून झिरपत जातं, शुद्ध होतं आणि पुन्हा फ्लशला वापरलं जातं. इमारतीच्या बाहेरच्या भिंतींना लावलेलं लाकूड जुन्या वाईनच्या पिंपांचं आहे. छतावर माती टाकून मुलं भाजी लावतात.

वर्गाच्या खिडकीतून बारा वर्षांच्या मुलीला आपण सोडलेल्या पाण्याचं पुढे काय होतं ते रोज दिसतं. बहुतेक शाळा ही गोष्ट इमारतीच्या मागे, पत्र्याच्या झाकणाखाली ठेवतात. इथे ती अंगणाच्या मध्यभागी आहे. तुला हे समजतं आणि याची जबाबदारी तुझीही आहे, असं इमारतच मुलांना सांगते. क्वेकर पंथाच्या शाळा या वयाच्या मुलांना काय देतात याचा शोध घेताना मी पुन्हा पुन्हा इथेच येऊन थांबले. मोठं माणूस मुलाला खरी गोष्ट दाखवतं, खरं काम देतं आणि मग त्याचं म्हणणं ऐकायला बसतं.

आपल्या घरांत सहावी, सातवी, आठवी ही वर्षं अडनिडी म्हणून ओळखली जातात. कालपर्यंत अंगाला बिलगणारा मुलगा दार लावून घेतो. मुलगी शाळेतून आल्यावर जेवत नाही आणि काय झालं ते सांगत नाही. आई म्हणते, ‘वयच तसं आहे,’ आणि विषय संपतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवी हा शिक्षणाचा स्वतंत्र टप्पा मानला, ते योग्यच झालं. पण मुलांच्या दिवसात त्या स्वतंत्रपणाचा मागमूस दिसत नाही. मधेच शिष्यवृत्ती परीक्षा असते, सहावीपासून ‘फाउंडेशन’चे क्लास सुरू होतात, आणि सगळं काही दहावीसाठी, बारावीसाठी, त्यानंतरच्या प्रवेशपरीक्षेसाठी असतं. ही तीन वर्षं म्हणजे जणू पुढच्या गाडीसाठी प्लॅटफॉर्मवर काढायचा वेळ. तेराव्या वर्षी मुलाला जे प्रश्न पडतात ते तेराव्या वर्षीचेच असतात. मी कोण? माझे मित्र मला का टाळतात? बाबा एक बोलतात आणि दुसरं का करतात? जगात इतका अन्याय का आहे, आणि कुणी काही का करत नाही? या प्रश्नांना शाळेच्या वेळापत्रकात तास नसतो. क्वेकर शाळांत असतो.

‘क्वेकर ओट्स’च्या डब्यावरचा टोपीवाला म्हातारा आपल्याला परिचयाचा आहे, पण त्या कंपनीचा या पंथाशी काहीही संबंध नाही. कॅडबरी चॉकलेटचा मात्र आहे. ते घराणं क्वेकर होतं. सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये यादवी युद्धाच्या धामधुमीत जॉर्ज फॉक्स नावाचा एक तरुण गावोगाव हिंडून सांगू लागला की देवाशी बोलायला पुरोहित लागत नाही. प्रत्येक माणसाच्या आत एक उजेड आहे, शांत बसलं तर तो दिसतो. आपल्याकडे वारकऱ्यांना हे नवं वाटायचं नाही. फॉक्स आणि त्याचे सोबती, म्हणजे पहिले क्वेकर, स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणवत. ते कुणापुढे टोपी काढत नसत. न्यायालयात शपथ घेत नसत, कारण शपथेशिवाय माणूस खोटं बोलतो असं मानणंच त्यांना पटत नव्हतं. शस्त्र हाती धरत नसत. यासाठी त्यांच्यातले हजारो लोक तुरुंगात गेले. प्रत्येकात उजेड असेल तर तो बाईतही आहे, म्हणून त्यांच्या सभांत बायका बोलत. आणि मुलींनाही शिकवलंच पाहिजे, म्हणून 1668 मध्ये फॉक्सने लंडनजवळ दोन शाळा काढायला लावल्या, त्यातली एक मुलींसाठी होती. विल्यम पेनने पेनसिल्व्हेनिया वसवल्यावर 1689 मध्ये फिलाडेल्फियात शाळा सुरू झाली. ती ‘पेन चार्टर’ या नावाने आजही चालू आहे. अमेरिकेत आज क्वेकर परंपरेच्या पाऊणशेच्या आसपास शाळा आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांत क्वेकर कुटुंबांतून आलेली मुलं थोडीच असतात. ज्यू, कॅथलिक, मुस्लिम, हिंदू, कोणताच धर्म न मानणारी अशी सगळी मुलं तिथे एका बाकावर बसतात.

बसतात हेच महत्त्वाचं. बहुतेक फ्रेंड्स शाळांत आठवड्यातून एकदा सगळी मुलं सभेला जमतात. सभेची खोली साधी असते: लाकडी बाकं, बऱ्याचदा एकमेकांकडे तोंड करून मांडलेली. समोर व्यासपीठ नाही, मूर्ती नाही, क्रूस नाही, रंगीत काचा नाहीत. कुणी प्रवचन देत नाही आणि प्रार्थना म्हणवून घेत नाही. मुलं आणि शिक्षक येऊन बसतात आणि गप्प राहतात. वीस मिनिटं, अर्धा तास, कुठे पाऊण तास. या वेळात कुणाला काही सांगावंसं वाटलं तर त्याने उभं राहावं, थोडक्यात सांगावं आणि बसावं. त्यावर कुणी उत्तर देत नाही, टाळ्या वाजवत नाही, दुरुस्ती करत नाही. बोलणं झालं की पुन्हा शांतता, म्हणजे ऐकलेलं आत उतरायला वेळ. मग दुसरं कुणी उभं राहिलं तर राहिलं. संपूर्ण सभा एका शब्दाविना संपली तरी ती वाया गेली असं कुणी मानत नाही. शेवटी शेजारी शेजाऱ्याचा हात हातात घेतो आणि सभा संपते.

तेरा वर्षांच्या चाळीस-पन्नास मुलांना अर्धा तास गप्प बसवायचं म्हटलं की आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षिकेच्या डोळ्यांपुढे काय येईल ते मला कळतं. तिथेही तेच होतं. कुणाच्या पोटात गुरगुरतं आणि सगळी रांग हसू दाबते. कुणी बुटाची लेस दहा वेळा सोडून बांधतो. पहिले काही महिने पुष्कळ मुलांना हा तास नकोसा वाटतो. पण क्वेकर शिक्षक मुलं गप्प बसली की नाही यावर या तासाचं यश मोजत नाहीत. त्यांचा भर दुसऱ्याच गोष्टीवर असतो. या वयात मूल सतत कुणाच्या तरी नजरेसमोर असतं: वर्गात गुणांसाठी, मैदानात संघासाठी, मधल्या सुट्टीत मित्रांसाठी, आता फोनच्या पडद्यावर सगळ्या जगासाठी. आठवड्यातला हा एकच वेळ असा असतो की जेव्हा त्याने काही सिद्ध करावं अशी कुणाचीच अपेक्षा नसते. आणि ते एकटं नसतं. शंभर माणसं त्याच्यासोबत बसलेली असतात. एकांत आणि सोबत एकाच वेळी मिळावी ही या वयाची खरी भूक आहे, असं मला वाटतं. दार लावून बसणारी मुलं खोलीच्या आतून हेच तर मागत असतात.

पुष्कळदा सभेच्या सुरुवातीला एक प्रश्न ठेवला जातो. क्वेकर मंडळी पूर्वापार स्वतःला असे प्रश्न विचारत आली आहेत. ज्याचं ठरावीक उत्तर पाठ करता येत नाही, अशी त्यांची धाटणी असते. एखाद्याला एकटं पाडलं जात असताना तू काय करतोस? तुझ्याकडे गरजेपेक्षा जास्त काय आहे? तुला न पटणाऱ्या माणसाचं तू शेवटचं कधी ऐकलंस? आपल्या मूल्यशिक्षणाच्या पुस्तकांत धड्याखाली प्रश्न असतात, पण त्यांची उत्तरं धड्यातच सापडतात आणि वहीत लिहायची असतात. सभेतल्या प्रश्नावर कुणी वही तपासत नाही. त्यामुळे मुलगी त्याला खोटं उत्तर देण्याच्या फंदात पडत नाही.

फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीच्या उपनगरांत मराठी वस्ती मोठी आहे, आणि ‘पंथाची शाळा’ म्हटलं की आपल्या माणसाच्या मनात पहिली शंका धर्मांतराची येते. ती स्वाभाविक आहे. पण फ्रेंड्सकडे म्हणायला लावण्यासारखं धर्मवचन नाही, घोकून घ्यायची श्रद्धा नाही. बायबल शिकवलंच तर इतर धर्मग्रंथांबरोबर शिकवतात. साधेपणा, शांतता, सचोटी, एकोपा, समता आणि निसर्गाची जपणूक या सहा गोष्टी ते मुलांसमोर ठेवतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘स्पाइसेस’ म्हणतात आणि मुलांच्याही तोंडी तेच नाव असतं. भिंतीवर लावलेल्या मूल्यांच्या यादीवर माझा फारसा विश्वास नाही, कुठल्याही शाळेच्या. ती यादी शाळेच्या कारभारात उतरली आहे का, हे बघावं लागतं.

म्हणून निर्णय कसे होतात ते बघू. क्वेकर लोक आपल्या कारभाराच्या बैठकीत मतदान करत नाहीत. सभेचा एक ‘क्लार्क’ असतो. अध्यक्षासारखा तो स्वतःचं मत रेटत नाही. सगळ्यांचं ऐकून सभेचा कल कुठे जमतो आहे हे तो शोधतो, ते शब्दांत मांडतो, तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवतो आणि विचारतो: हे बरोबर आहे का? एखाद्याला अजिबात पटत नसेल तर काम थांबतं. पटत नाही पण आड यायचं नाही असं कुणी म्हणालं तर तशी नोंद होते आणि पुढे जातात. शाळांमध्ये हीच रीत वयाला झेपेल इतक्या प्रमाणात मुलांच्या हाती येते. समजा, सातवीच्या वर्गापुढे प्रश्न आहे की जेवणाच्या सुट्टीत मोबाइल असावा की नसावा. मतदान घेतलं तर पाच मिनिटांत निकाल लागेल, अठरा विरुद्ध सात, आणि त्या सात जणांचा प्रश्न तिथेच संपेल. इथे एक मुलगी क्लार्क होते. फोन हवा म्हणणाऱ्यांपैकी एकजण अखेर सांगतो की जेवताना त्याच्याशेजारी कुणी बसत नाही आणि फोन असला की ते कुणाच्या लक्षात येत नाही. आता चर्चा फोनवर राहात नाही. आता मुलांना जेवणाच्या टेबलांचा विचार करावा लागतो. हा प्रसंग मी कल्पनेने उभा केला आहे, पण या पद्धतीत वेळ का लागतो आणि तो वेळ कशासाठी असतो ते त्यातून लक्षात यावं.

यात एक धोकाही आहे. एकमताच्या नावाखाली बोलक्या मुलांचा कल हाच सगळ्यांचा कल ठरू शकतो. लाजरं मूल विरोध करायला घाबरतं, आणि मतपेटीत निदान त्याचं नाव तरी झाकलेलं असतं. चांगला क्लार्क व्हायला मोठ्या माणसांनाही वर्षं लागतात. शिवाय सुरक्षेचे, अभ्यासक्रमाचे, पैशाचे निर्णय मोठ्यांकडेच राहतात, आणि राहायलाच हवेत. पण जे मुलांच्या हाती दिलं आहे ते खरोखर दिलेलं असलं पाहिजे. तेरा वर्षांच्या मुलाला नाटकी लोकशाही लगेच ओळखू येते. आपल्या शाळांत वर्गप्रतिनिधीची निवडणूक थाटात होते आणि निवडून आलेला मुलगा वर्षभर फळा पुसतो आणि बडबड करणाऱ्यांची नावं लिहितो.

या वयाच्या मुलावर किती भरवसा ठेवता येतो याचं जुनं उदाहरण आहे. अणुसिद्धान्त मांडणारा जॉन डाल्टन इंग्लंडच्या उत्तरेकडच्या ईगल्सफील्ड गावातल्या गरीब क्वेकर विणकराचा मुलगा. वयाच्या बाराव्या वर्षी त्याने गावात शाळा चालवायला घेतली. त्याच्यापेक्षा मोठी मुलंही त्याच्यासमोर शिकायला बसत. आज असं कुणी करू नये आणि करू देऊही नये. पण बारा वर्षांच्या मुलाला शिकवता येतं हे मानणारा एक समाज होता, एवढं ध्यानात घ्यायला हरकत नाही.

आणि मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट जोसलिन बेल यांची. त्या उत्तर आयर्लंडमधल्या क्वेकर घरातल्या. तिथे अकराव्या वर्षी मुलांची एक परीक्षा होई आणि तिच्या निकालावर पुढचं शिक्षण ठरत असे. जोसलिन त्या परीक्षेत नापास झाल्या. शाळेत विज्ञानाचा तास आला तेव्हा मुलांना प्रयोगशाळेत आणि मुलींना स्वयंपाकघरात पाठवलं गेलं. आईवडिलांनी भांडून मुलीला प्रयोगशाळेत बसवलं, आणि 1956 मध्ये तिला यॉर्कच्या ‘द माउंट’ या मुलींच्या क्वेकर शाळेत धाडलं. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तिथल्या भौतिकशास्त्राच्या वयस्क शिक्षकांनी तिला एक गोष्ट पटवून दिली: खूप सारं पाठ करायची गरज नाही, मोजक्या मूळ गोष्टी नीट समजून घेतल्या की बाकीचं त्यांवर उभं करता येतं. पुढे 1967 मध्ये केंब्रिजला संशोधन करताना रेडिओ दुर्बिणीच्या लांबच लांब कागदी आलेखावर त्यांना एक छोटीशी वेडीवाकडी खूण दिसली. यंत्रातला बिघाड म्हणून सोडून देता आली असती. त्यांनी ती सोडली नाही, आणि जगाला पल्सार ताऱ्यांचा पत्ता लागला. नारायणगावजवळ खोडदला आपली जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे तिच्या कामातला मोठा हिस्सा आजही याच ताऱ्यांचा आहे. 1974 चं नोबेल पारितोषिक त्यांच्या मार्गदर्शकाला मिळालं, त्यांना नाही. 2018 मध्ये पारितोषिक म्हणून मिळालेले 30 लाख डॉलर त्यांनी संशोधनात ज्यांना सहजी जागा मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकले. त्या आयुष्यभर क्वेकर राहिल्या, ब्रिटनमधल्या क्वेकरांच्या वार्षिक सभेच्या क्लार्कही झाल्या. अकराव्या वर्षी परीक्षेने बाजूला काढलेल्या मुलीला तेराव्या वर्षी एका शाळेने जवळ केलं. हे सगळं त्या शाळेमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या दोन वर्षांत ती मुलगी हरवू शकली असती, आणि कुणाला कळलंही नसतं.

आता यातली दुखरी बाजू. समतेचं नाव घेणाऱ्या शाळांनी समता नेहमी पाळली असं नाही. 1688 मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनमधून गुलामगिरीविरुद्धचा अमेरिकेतला पहिला लेखी निषेध निघाला तो याच लोकांकडून. अँथनी बेनेझेट या क्वेकर शिक्षकाने कृष्णवर्णीय मुलांना आपल्या घरी रात्री शिकवलं, आणि 1770 मध्ये त्यांच्यासाठी शाळा उभी राहिली. तरीही क्वेकरांच्या स्वतःच्या शाळांची दारं त्या मुलांना पुढे दीर्घकाळ बंद राहिली. सिडवेलमध्ये पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आला तो 1956 मध्ये. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून वसतिगृहांत ठेवायचं, त्यांचे केस कापायचे, त्यांची भाषा तोंडातून काढून घ्यायची, या सरकारी कार्यक्रमात एकोणिसाव्या शतकात क्वेकरांनीही शाळा चालवल्या. प्रत्येकात उजेड आहे असं मानणाऱ्यांनी त्या मुलांच्या भाषेतला उजेड पाहिला नाही. आज त्यांच्यातलेच लोक या इतिहासाची कागदपत्रं काढून तो मांडत आहेत.

आणि फी. सिडवेलसारख्या शाळेची वर्षाची फी 50 हजार डॉलरच्या वर आहे, म्हणजे 40 लाख रुपयांहून अधिक. शिष्यवृत्त्या असतात, पण साधेपणा शिकवणारी शाळा इतकी महाग का, हा प्रश्न क्वेकर मंडळी आपल्या सभांत स्वतःलाच विचारतात, आणि त्याचं समाधानकारक उत्तर मला कुठे मिळालेलं नाही. छोटे वर्ग, पुष्कळ शिक्षक, जमीन, इमारती यांना पैसा लागतो हे खरं. पण मौनाला पैसा लागत नाही आणि ऐकून घ्यायलाही लागत नाही. म्हणूनच या शिक्षणाचं सार महागड्या इमारतींबाहेर टिकतं का, हे मला बघायचं होतं.

ते टिकतं. नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या डोंगराळ भागात, ब्लॅक माउंटन्सच्या पायथ्याशी सेलो नावाची एक वसाहत आहे. जमीन सामाईक ठेवून राहणाऱ्या लोकांनी ती 1937 पासून वसवली. तिथे 1962 मध्ये एलिझाबेथ मॉर्गन यांनी ‘आर्थर मॉर्गन स्कूल’ सुरू केलं. ही शाळा फक्त सातवी ते नववीची आहे, म्हणजे याच वयासाठी काढलेली. मुलं तीसही नसतात. काही तिथेच छोट्या घरांत शिक्षकांसोबत राहतात. ती जळणाची लाकडं फोडतात, रचून ठेवतात आणि थंडीत त्याच लाकडांवर घर ऊबदार राहतं. ओंडका नीट वाळवला नाही की धूर होतो, आणि धूर कुणामुळे झाला ते सगळ्यांना कळतं. स्वयंपाक, भांडी, झाडलोट, बागकाम वाटून घेतलेलं असतं. वर्षातून काही दिवस पाठीवर सामान बांधून डोंगरात जातात, आणि एकदा दोन-तीन आठवडे दूरच्या प्रदेशात अभ्याससहलीला. शाळेचे प्रश्न सगळ्यांच्या सभेत, मतदानाविना सुटतात.

या शाळेची वैचारिक वंशावळ पाहिली की मराठी वाचकाला एकदम घरचं माणूस भेटतं. क्वेकर परंपरेबरोबरच ती शाळा मारिया माँटेसरी आणि महात्मा गांधी यांचं नाव घेते. माँटेसरीबाई आपल्याकडे बालवाडीपुरत्या माहीत आहेत. बारा ते पंधराच्या मुलांबद्दल त्यांनी लिहिलं होतं की या वयात शरीर इतक्या वेगाने बदलतं की मूल पुन्हा तान्ह्या बाळाइतकं नाजूक होतं. त्याच्यावर पुस्तकांचं ओझं वाढवू नये. त्याला शेतावर न्यावं, पिकवायला, विकायला, हिशेब ठेवायला लावावं. आपल्या हातच्या कामाने समाजात आपली जागा आहे, हे त्याला कळावं. गांधीजींनी ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडलेली नई तालीम सात ते चौदा वयासाठी हेच सांगत होती. आणि ज्यांच्या नावाने ही अमेरिकी शाळा आहे ते आर्थर मॉर्गन, एलिझाबेथ यांचे सासरे, 1948-49 च्या डॉ. राधाकृष्णन विद्यापीठ शिक्षण आयोगाचे सदस्य म्हणून भारतात आले होते. ग्रामीण विद्यापीठांचा विचार त्यांनीच त्या अहवालात हिरिरीने मांडला.

त्याच सुमाराला सेवाग्रामला एक क्वेकर शिक्षिका काम करू लागल्या. मार्जोरी साइक्स 1905 मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये जन्मल्या, केंब्रिजला शिकल्या आणि 1928 मध्ये मद्रासच्या एका मुलींच्या शाळेत शिकवायला आल्या. पुढे शांतिनिकेतन, आणि मग नई तालीमचं काम चालवणाऱ्या आर्यनायकम दांपत्याच्या बोलावण्यावरून वर्ध्याजवळच्या या आश्रमात. त्यांनी नई तालीमचे शिक्षक तयार केले, सूतकताई, शेती, सफाई आणि स्वयंपाकघर यांतून गणित आणि विज्ञान कसं शिकवायचं ते प्रत्यक्ष करून दाखवलं, आणि पुढे त्या सगळ्या प्रयोगाचा इतिहासही लिहिला. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला जमिनीवर बसणारा आश्रम आणि बाकांवर मुक्याने बसणारी सभा यांच्यात त्यांना परकं काही वाटलं नसावं.

या धाग्याचं दुसरं टोक आपल्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशात आहे. होशंगाबादजवळ रसूलिया इथे ब्रिटिश क्वेकरांनी सुरू केलेलं फ्रेंड्स रूरल सेंटर होतं. 1972 मध्ये या केंद्राने आणि अनिल सदगोपाल यांच्या ‘किशोर भारती’ने मिळून जिल्ह्यातल्या सोळा सरकारी माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीत, विज्ञान शिकवण्याचा एक नवा कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सुरुवातीला त्यात होते, नंतर दिल्ली विद्यापीठातले आले. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकांत उत्तरं छापलेली नव्हती. चार-चार मुलांच्या टोळ्यांनी प्रयोग करायचा, फूल उकलून पाकळ्या-पुंकेसर मोजायचे, काय दिसलं ते आपल्या शब्दांत लिहायचं आणि मग वर्गात त्यावर वाद घालायचा. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवता येई, शिवाय प्रत्यक्ष प्रयोग करावा लागे. ज्या मुलांनी आयुष्यात शहर पाहिलं नव्हतं त्यांच्या निरीक्षणाला सरकारी परीक्षेत मोल आलं. आणि कुणाला प्रश्न पडला तर त्याने ‘सवालीराम’ला पत्र लिहायचं. सवालीराम नावाचा माणूस अस्तित्वात नव्हता, पण त्याच्या नावाने आलेल्या पोस्टकार्डांना उत्तरं मात्र जात. खेड्यातल्या बारा वर्षांच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नावर एखादा शास्त्रज्ञ डोकं खाजवत बसलेला असे.

1978 मध्ये हा कार्यक्रम पूर्ण जिल्ह्यात गेला. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन अरविंद गुप्ता तिथे पोचले. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या यांतून भूमितीचे आकार बांधण्याची त्यांची कल्पना तिथल्या बाजारातल्या सामानावरच सुचली. त्यांची खेळणी पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतून सगळ्या महाराष्ट्रात गेली. ‘एकलव्य’ ही संस्था 1982 मध्ये याच कामातून निघाली. तीस वर्षं चालल्यावर 2002 मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. शिक्षक, पालक आणि देशातले कितीतरी शास्त्रज्ञ बंद करू नका म्हणत होते.

होशंगाबादच्या वर्गांत मौनसभा भरत नव्हती आणि तिथे कुणी क्वेकर पंथाचं नावही घेत नसे. तरी सिडवेलच्या अंगणातलं पाणी, सेलोच्या जळणाची लाकडं आणि सवालीरामची पोस्टकार्डं यांचं एकच गोत्र आहे असं मी मानते. सगळीकडे या अडनिड्या वयाच्या मुलाला कुणीतरी म्हणालं आहे की तू बघ, तू कर, आणि मग आम्हाला सांग, आम्ही ऐकतो.

सेवाग्रामला 2005 मध्ये नई तालीमची ‘आनंद निकेतन’ शाळा पुन्हा सुरू झाली. ती मराठी माध्यमाची आहे. परिसरातल्या गावांतली मुलं तिथे येतात, शेती करतात, स्वयंपाक करतात, सूत काततात आणि त्यातूनच भाषा, गणित, विज्ञान शिकतात. वर्ध्याला जाणारे आपण बहुतेकजण बापूकुटीसमोर फोटो काढतो, खादी भांडारातून पंचा घेतो आणि परतीची गाडी पकडतो. यापुढे जाणाऱ्यांनी आठवड्याच्या कामाच्या दिवशी जावं, आधी विचारून परवानगी घ्यावी, आणि सहावी-सातवीची मुलं भाजीच्या वाफ्यांवर असतील अशा वेळी त्यांच्याजवळ थोडा वेळ बसावं. ती स्वतःहून बोलायला लागेपर्यंत आपण काही विचारू नये.